रक्तातली भूक

रात्रभर पावसानं झोडपलं होतं. मलेशियातल्या कोता भारूत सकाळी चूल धड पेटत नव्हती. सलमिया खाणावळीसाठी नारळाच्या दुधातला भात ढवळत होती. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तिचं पोट लहान केलं, चाळीस किलो उतरले. त्यातले तीस परत आले होते.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खा-खा कधीकधी रक्तातूनच येते. घरात कुणाला आहे का, विचारलं. मी म्हटलं, आई तर काडी आहे," सलमिया सांगत होती.

केळीची पानं पुसता पुसता तिच्या आईचा, मेक सोमचा हात थांबला. "अगं, माझं रक्त कुठं तुझ्यात? आठ दिवसांची होतीस, तेव्हा तुला जन्म देणाऱ्या त्या चिनी बाईनं तुला माझ्या ओटीत घातलं."

"ते ठाऊक आहे गं. ती जाड होती?"

"बघितलंच नाही. नजर भिडली तर तुला परत मागेल, ही भीती."

"आणि मला जन्मभर हावरट म्हणालीस!"

"म्हणाले. आणि घासही मीच भरवले. आता चूक कुणाची, मला तरी काय कळतंय?"

"मग शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना काय सांगू?"

"सांग, आईला माहीत नाही."

"कुठल्या आईला?"

मेक सोमनं पुढचं पान पुसायला घेतलं. मग म्हणाली, "भात लागतोय बघ."

सलमियानं पळी उचलली आणि तळापासून भात ढवळू लागली.