ढिगाचा भाव

शेतमजुरांचं किमान वेतन नुकतंच ठरलं होतं तेव्हा मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होतो. मोठा दुष्काळ सरून कपाशी पुन्हा बरी येऊ लागली होती. आमच्या साहेबांना जगाची भारी हौस. त्यांनी कुठूनसे देशोदेशीच्या मजुरीचे तक्ते मिळवले आणि आपल्या तालुक्याशी तुलना करून टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. ते वाचणार कोण, देव जाणे. वरून कुणी आलं की पुढे ठेवायला काहीतरी हवं होतं, एवढंच.

त्या तक्त्यांनी माझा जीव नकोसा केला. एका देशात मजुरी तासावर, दुसऱ्यात आठवड्यावर, तिसऱ्यात जेवण धरून. पौंडाचे रुपये केले तरी कळत काहीच नव्हतं, कारण तिथल्या भाकरीचा भाव वेगळा. शेवटी मीच एक युक्ती काढली: दिवसाच्या मजुरीत तिथं धान्य किती येतं ते मांडायचं, म्हणजे सगळे देश एका ओळीत बसतात. साहेब खूश झाले. चहा मागवला आणि दोनदा माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपल्याला हे जमतं.

खरं सांगायचं तर ती युक्ती माझी नव्हतीच. जानेफळच्या पुढे एका खेड्यात माझी मावशी राहायची. रान नव्हतं, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. शाळेची दोन वर्षं मी तिच्याकडेच काढली होती. दिवाळीत गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की अमेरिकेत बाईला एका तासाला इतके इतके रुपये मिळतात. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढ्यात जवारी किती येते तिकडे?" तिथून ती गोष्ट डोक्यात राहिली आणि कचेरीत आल्यावर मी आपली म्हणून खपवली.

त्याच दिवाळीत मी तिला नव्या कायद्याबद्दलही सांगितलं. आता मजुरी रोख आणि सरकारी दरानं द्यावी लागते, मालक देत नसेल तर अर्ज करा. ती नुसतंच हूं म्हणाली. महिन्याभरानं त्या गावच्या अकरा बायकांचा अर्ज कचेरीत आला, अंगठे उठवलेला. मावशीही त्यात होती. त्यांना रोज संध्याकाळी रोख मजुरी हवी होती. तेल-मीठ रोख पैशानं घेता यावं, दुसरं काही नको होतं.

अर्ज चौकशीला माझ्याकडेच आला. मावशीचं नातं साहेबांना सांगायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. उलट मनात पक्कं केलं की झुकतं माप द्यायचं नाही, उद्या कुणी बोट दाखवायला नको. माणसाला प्रामाणिकपणाचीही नशा चढते, आणि मला ती तेव्हा चांगलीच चढली होती.

त्या गावात वेचणीची मजुरी ढिगानं देत. दिवसभर ओटीत वेचलेला कापूस बाई संध्याकाळी बांधावर ओतायची आणि स्वतःच्या हातानं त्याचे दहा सारखे ढीग करायची. मग मालक काठीनं त्यातला एक दाखवायचा, तो तिचा. कोणता दाखवील याचा नेम नसल्यानं ती एकही ढीग लहान-मोठा करत नसे. मी बांधावर उभा राहून एक ढीग तराजूत घातला. मावशी समोरच होती. मी तिला ओळख दाखवली नाही, तिनंही दाखवली नाही.

कचेरीत येऊन मी तो ढीग एखाद्या परदेशी चलनासारखा धरला आणि त्याला दर लावला. कापसाची खरेदी तेव्हा सरकारनं आपल्याकडे घेतली होती, खाजगी व्यापाऱ्याला बंदी होती. खरेदी केंद्रावरचा भाव छापील होता, त्यात शंकेला जागाच नव्हती. तो लावला तर बायकांची मजुरी किमान वेतनाच्या वर गेली. मी दोन वेळा पडताळून पाहिलं. मग लिहिलं, मजुरी वस्तुरूपात असली तरी ती निर्धारित दरापेक्षा अधिक असल्यानं अर्ज निकाली काढावा. साहेबांनी सही केली.

पुढच्या महिन्यात मी त्या गावी गेलो. मावशी घरीच होती, वेचणीच्या भर दिवसांत. मालकानं तो कागद बायकांना बांधावर वाचून दाखवला होता. तुम्हाला जास्तच मिळतं असं सरकारच म्हणतं, असं म्हणून त्यानं दहाचे बारा ढीग करायला लावले. मावशीला तर त्यानं कामावर बोलावणंच बंद केलं.

मी तिला भाव समजावून सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली की केंद्रावर सातबारा दाखवल्याशिवाय कापूस घेत नाहीत. ज्याच्याकडे रान नाही त्याच्याकडे सातबारा कुठला? त्यांचा ढीग गावातला दुकानदार चोरून घ्यायचा, निम्म्याहून कमी भावात, आणि बदल्यात द्यायचा तेल आणि गूळ. हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी इतक्या देशांच्या भाकरीचा भाव काढला, आणि माझ्या मावशीला तिच्या कापसाचं काय मिळतं ते विचारलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

तिला वाटत होतं की हे साहेबानं केलं. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. पण सांगितलं, की तो कागद मीच लिहिला.

ती चुलीतली राख सारू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग अगदी थकल्या आवाजात म्हणाली, "बाया लय भेऊन राह्यल्या होत्या रे. अंगठा द्याले कोणी तयार नव्हतं. मीच त्याहीले म्हटलं, माह्या बहिणीचं पोरगं तेथं बसते, ते पाहून घेईल." आणि थोड्या वेळानं, "आता त्याहीले मी काय सांगू?"