मार्लिसने अडवलेली गाडी

मार्लिस ओल्टमन आणि मी आयोवातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होतो. मार्लिस म्हणजे मोठ्या आवाजाची, हसरी बाई.

तिच्या मुलाला, ब्रँटला सोळाव्या वर्षी लायसन मिळालं. आमच्याकडे नव्या लायसनवर सुरुवातीला गाडीत एकच मित्र बसवता येतो. आईबापांनी होकार दिला तर ही अट सुटते. शेतावरची घरं लांब लांब, पोरांना खेळाच्या सरावाला रोज कोण नेणार? सगळेच होकार देतात. मार्लिसनेही दिला.

सप्टेंबरात, मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर, ब्रँटने उंचवट्यावरून गाडी उडवून दाखवली. मागची तिघं ओरडत होती, "अजून जोरात!" गाडी घसरली आणि चरात उलटली. पट्टा कुणीच लावला नव्हता. ब्रँट गेला, आणि मागे बसलेली टेसा फेल्डमनही.

चर्चमध्ये लोक म्हणाले, "देवाची इच्छा." मार्लिस तिथंच फटकन म्हणाली, "देवाला कशाला मध्ये ओढता? होकार मी दिला होता."

वसंतात शाळेचा नाच असतो, त्या रात्री पोरं गाड्या भरभरून फिरतात; म्हणून त्याआधी मुख्याध्यापकांनी तिला मुलांसमोर अपघाताबद्दल बोलायला लावलं. तिने काही लपवलं नाही. पोरी हुंदके देऊन रडल्या.

शाळा सुटली. आवारात बघतो तर त्याच रडलेल्या पोरी एका गाडीत एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या, आत सहा जण. मार्लिस एप्रन घालूनच गाडीपुढे उभी राहिली.

"उतरा खाली!"

"अहो बाई, जवळच तर जायचंय," गाडी चालवणारा पोरगा हसत म्हणाला, आणि त्याने हॉर्न दाबला.

एकीची आई धावत आली. "तुझं दुःख कळतं गं मार्लिस, पण आमच्या पोरांना कशाला घाबरवतेस? मी हो म्हटलंय त्यांना."

मुख्याध्यापकांनी मार्लिसचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. गाडी निघून गेली.

पुढच्या वर्षी भाषणाला पोलिसाला बोलावलं. मार्लिसने नोकरी सोडली. आता ती अंड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करते. गावात सगळे तिला मिठी मारतात, "स्वतःला दोष देऊ नकोस" म्हणतात. टेसाची आई मात्र तिला बघून रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

"तेवढी एकच बाई माझ्याशी खरं वागते," मार्लिस मला म्हणाली.