टेंभुर्णीचं भंगार, जालन्याची सळई

चिपळूणहून निघून मी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचले ती माझ्या मैत्रिणीकडे, वंदनाकडे. ती तिथल्या शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात भंगारवाल्या सलीमभाईंचा तीनचाकी टेम्पो उभा राहिला. वंदनाने गंजलेला कूलर, तेलाचे डबे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं पोतं बाहेर काढलं.

"हे पुढे कुठे जातं?" मी विचारलं.

"जालन्याला. मी आत्ता तिकडंच चाल्लो. यायचं का, ताई?"

"जा बिनधास्त," वंदना म्हणाली. "सलीमभाई घरच्यासारखेच आहेत."

मी चप्पल घालून निघाले.

गल्लीगल्लीत थांबत आम्ही पुढे सरकलो. कुठे फुटकी बादली मिळाली, कुठे वाकलेला फाळ. एका आजोबांनी गॅसची छोटी टाकी दिली. सलीमभाईंनी ती हलवून पाहिली आणि आपल्या सीटखाली ठेवली.

"तोंड बंद हाय हिचं. अशी भट्टीत गेली तर फुटन. येगळी द्यावी लागती."

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. रानात बायका कमरेला ओटी बांधून वाकल्या होत्या. राजूरच्या अलीकडे टायर बसला. जॅकला वजन पेलेना, म्हणून आम्ही अर्धा माल रस्त्याकडेला उतरवला आणि चाक बदलून पुन्हा भरला. मग सलीमभाईंनी मला डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला लावली.

जालन्यातल्या भंगाराच्या वखारीत बायका छाटणीला (माल निवडायला) बसल्या होत्या. बाटल्या एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे. बाटल्यांचा चुरा होऊन पुढे शेतातले पाइप होतात, असं मंगलबाईंनी मला सांगितलं. त्या तिथल्या सर्वांत जुन्या. आमचं लोखंड मात्र हमालांनी थेट सळईच्या कारखान्यातल्या भट्टीकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवलं. ट्रक भरतच आला होता.

आम्ही चहा घेत होतो. एकाएकी सलीमभाई उठून टेम्पोपाशी गेले. वाकून सीटखाली पाहिलं आणि तसेच मंगलबाईंकडे आले.

"मंगलबाई, एक बंद टाकी होती. पंक्चरच्या टायमाला मालात गेली. ट्रकमंदी असंल."

मंगलबाई हातातलं टाकून ट्रकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर वैतागला. "आता पूर्ण गाडी खाली करायची का? एवढ्याशा टाकीनं काय होतंय?"

"माझा माणूस भाजला तवा बी एवढंसंच काही होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तो अजून तिथंच कामाला हाय. गाडी खाली कर."

ड्रायव्हर खाली उतरला. सलीमभाई, हमाल, छाटणीच्या बायका, मी, सगळे लागलो. पत्र्याने माझा अंगठा कापला. मंगलबाईंनी पदराची पट्टी फाडून तो बांधला आणि पुन्हा ढिगात शिरल्या. टाकी मिळाली ती वंदनाच्या कूलरच्या पोटात. सलीमभाईंनी ती उचलून वेगळी नेऊन ठेवली.

ट्रक पुन्हा भरून गेल्यावर आम्ही टेम्पोतून त्याच्यामागे निघालो. सलीमभाईंना सळया भरायच्या होत्या, मंगलबाईंना नवऱ्याला डबा द्यायचा होता. कारखान्यात मला लांबूनच पाहू दिलं. भट्टीत लोखंड उकळत होतं. पुढे लालभडक कांडी (ओतलेला लांब ठोकळा) फिरत्या रुळांमधून दाबली जात बारीक होत गेली आणि सळई होऊन सरसरत बाहेर आली. एवढ्या लांबूनही तोंड भाजत होतं.

मंगलबाईंचा नवरा, ज्ञानदेव, सळयांचे भारे बांधतो. कोपरापासून मनगटापर्यंत त्याची कातडी आक्रसलेली. भिंतीच्या सावलीत दोघं जेवायला बसली. मलाही अर्धी भाकरी मिळाली.

"आज लई उशीर केला," तो म्हणाला.

"गाडी भरायला टाइम लागला."

"भूक लागून राह्यली होती कवाची."

"मंग खा की निवांत." त्यांनी आपल्या वाटची अंबाडीची भाजी त्याच्या डब्यात सारली. सलीमभाईंनी मान खाली घातली.

संध्याकाळी टेम्पो सळया घेऊन टेंभुर्णीला परतला. एका नव्या घराच्या स्लॅबसाठी त्या हव्या होत्या. घरच्या बाईंनी आम्हाला चहा पाजला आणि कुठली खोली कुठे येणार ते हौसेने दाखवलं.

चिपळूणला परत आल्यावर सगळे भट्टीबद्दल विचारतात. मी सांगतेही. पण सांगता सांगता माझी गाडी त्या भिंतीच्या सावलीत येऊन थांबते, जिथे एक बाई नवरा पोटभर जेवतोय ना, एवढंच बघत बसली होती.