डबा फोटोत येत होता

मी वाघाचे फोटो काढत नाही. हे मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. चंद्रपुरात राहून वाघाचा फोटो न काढणं म्हणजे नागपुरात राहून संत्रं न खाणं, असं मित्र चिडवत. पण हातभर लांबीची लेन्स घेऊन जिप्सीत उभ्या राहणाऱ्या मंडळींचा मला मनापासून राग यायचा. एवढं रान पसरलंय आणि यांना त्यातलं एकच जनावर दिसतं!

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि स्कूटरवरून गोंडपिपरीकडची गावं पालथी घालायला लागलो. धानाचे बांध, शेततळ्याच्या, म्हणजे इकडच्या बोडीच्या पाण्यात उतरलेलं आभाळ, कापणीनंतरची धसकटं. माझ्या फोटोंत माणूस असलाच तर पाठमोरा आणि लहान. वाघ नसलेलं रान दाखवायचं, असा माझा हट्ट होता.

त्या भागातल्या एका शेतकरी जोडप्याशी ओळख झाली होती. दोघंही चाळिशीचे. त्यांच्या अंगणात स्कूटर लावायची, कोरा चहा प्यायचा आणि रानाकडे निघायचं, असा दोन वर्षांचा परिपाठ होता. त्यांच्या शेताच्या टोकाला, जंगलाला लागून, एक जुनं मोहाचं झाड आहे. चैत्रात पहाटे त्याची फुलं टपटप गळतात आणि उजाडता उजाडता ती दोघं वेचायला जातात. यंदा मीही त्यांच्यासोबत गेलो.

झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळलेला होता. काळ्या राखेवर पिवळसर फुलांचा सडा पडला होता. कुठेतरी एक ओंडका अजून धुमसत होता आणि त्या धुरातून तिरपं ऊन येत होतं. बाई टोपली घेऊन खाली बसली. नवरा मात्र एकही फूल न वेचता तिच्यामागे ताठ उभा राहिला. हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. थोड्या थोड्या वेळानं तो डबा बडवायचा.

खालून फोटो चांगला येईल म्हणून मी उकिडवा बसलो, तर तो लगेच म्हणाला, "सर, बसू नका जी. वाकलेलं माणूस त्याले जनावरच दिसते. उभं राहूनच काढा."

'त्याले' म्हणजे कोणाला, हे त्यानं सांगितलं नाही. रानात कोणी नाव घेत नाही. मागच्याच आठवड्यात पलीकडच्या गावातली एक बाई मोह वेचायला गेली ती परत आलीच नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी मी हसलो. उठलो मात्र, त्याचा मान राखायला.

उभ्यानं पाहिलं तर फोटो जमत नव्हता. धूर, ऊन, वाकलेली बाई, सगळं जिथल्या तिथं होतं. पण मधोमध तो चकचकीत डबा डोळ्यांत खुपत होता. मी म्हणालो, "भाऊ, दोन मिनिटं जरा बाजूला व्हा. डबा फोटोत येतोय."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती मान वर न करता म्हणाली, "जा ना जी. पाहुणे सांगून राह्यले तर." तो माझ्यामागे बांधावर जाऊन उभा राहिला. डबा वाजवणंही त्यानं थांबवलं. फोटो काढताना हलायचं नाही, आवाज करायचा नाही, हे त्याला कोणीतरी शाळेत शिकवलं असणार. मीसुद्धा दरवर्षी वर्गाच्या फोटोला पोरांना हेच ओरडून सांगायचो.

मी पुन्हा खाली बसलो. दोनाची पाच मिनिटं झाली. सातआठ फोटो काढले असतील. मग माझ्या लक्षात आलं, की पाखरांचा आवाज बंद झालाय. फक्त फुलं पडत होती. डावीकडच्या साजाच्या झाडावर एक वानर खाकरलं. जरा थांबून पुन्हा खाकरलं.

"उठ वं! उभी हो!" नवरा ओरडला आणि डबा बडवत माझ्या अंगावरूनच धावला. बाई ताडकन उभी राहिली. तिच्या पलीकडे रायमुनियाची झुडपं हलली. वारा नव्हता. ती हालचाल सावकाश आत आत गेली आणि थांबली.

बऱ्याच वेळानं आम्ही तिघांनी मिळून पाहिलं. राखेच्या कडेला पंजा उमटला होता. तिथून तिच्या टोपलीपर्यंतचं अंतर मी चालून मोजलं. अकरा पावलं. पंजा जवळून पाहायला मी पुन्हा वाकायला लागलो. त्यानं मला दंडाला धरून उभं ठेवलं.

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मीच चुकलो जी. डबा थांबवाले नाई पाह्यजे होता." तिनं घरी येऊन चहा केला.

फोटो मात्र सुरेख आला. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला. डाव्या कडेला ती झुडपं आहेत, काळीशार. तेवढा भाग मोठा करून पाहायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आठवड्यानं मी त्याची मोठी प्रत काढली, काचेची चौकट केली आणि सकाळीच त्यांच्या घरी नेली. माफी मागायची ती माझी रीत होती. बाईनं पदरानं काच पुसली. "चांगला हाय, भाऊ," ती म्हणाली. मग भिंतीकडे पाहिलं. तिथे एकच फोटो होता, तिच्या सासऱ्यांचा, हार घातलेला.

"पण यात मी एकलीच हावो ना जी. एकल्या माणसाचा फोटो आमच्या घरी मेल्यावरच लागते." तिनं चौकट माझ्या हातात परत दिली. आवाजात राग नव्हता. तिनं नवऱ्याकडे हात केला. "यायले उभं करा माह्या मागं, डबा घेऊन. मंग लावतो."

मी हो म्हणालो आणि निघालो. स्कूटरवर चौकट पायांमध्ये धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक मोह वेचत होते, वाकून. प्रत्येक झाडापाशी कोणी उभं आहे का, ते मी बघत चाललो होतो. एका झाडाखाली एक म्हातारी होती. तिच्यामागे कोणी नव्हतं.

मी स्कूटर थांबवली. म्हातारीनं मान वर केली. "काऊन थांबला बापा?"

"काही नाही बाई, वेचा तुम्ही," मी म्हणालो. तिची टोपली भरेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो आणि थोड्या थोड्या वेळानं हॉर्न वाजवत राहिलो.