शेवटच्या रांगेसाठी घेतलेली लेन्स

लग्नात फोटोग्राफरला ओरडावं लागतं. "ओ मामा, जरा सरका", "काकू, पदर नीट घ्या", "नवरदेव, इकडं बघा". हुमनाबादच्या ज्या स्टुडिओत मी काम करायचे, तिथले मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, दिवसभर तीन भाषांत ओरडायचे. मुलीकडच्यांवर मराठीत, मुलाकडच्यांवर कन्नडमध्ये आणि मांडववाल्यांवर दखनी उर्दूत. मला यातल्या एकाही भाषेत ओरडता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, पण ओरडता इंग्रजीतही येत नाही.

हैदराबादची नोकरी सुटल्यावर मी घरी परत आले होते. सुटली म्हणजे त्यांनी सोडवली. मीटिंगमध्ये सगळे बोलायचे आणि मग कुणीतरी विचारायचं, तू आहेस ना? मी असायचे. उत्तर मनात तयार असायचं, व्याकरणासकट. ते ओठांपर्यंत येईतो विषय पुढे गेलेला असायचा. काही महिन्यांनी मला जे पत्र मिळालं, त्यात माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती. मी बोलत नाही एवढीच होती.

घरी अप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण मला "आता काय करायलीस?" असं विचारायचा आणि अप्पा माझ्या वतीनं उत्तर द्यायचे. ते ऐकायला नको म्हणून मी स्टुडिओत गेले. तिथं त्यांना एक मुलगी हवीच होती. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर आलेला पुष्कळ घरांत चालत नाही. माझ्याकडे कॉलेजात असताना घेतलेला जुना कॅमेरा होता आणि त्याच्याबरोबर आलेली लहान लेन्स. खोलीसाठी तेवढं पुरायचं.

मी कोपऱ्यात उभी राहायचे. पहिली काही मिनिटं बायका माझ्याकडे बघून पदर सावरायच्या, मग त्या मला विसरायच्या. विसरल्या की फोटो चांगले यायचे. कुणाची तरी आत्या नवरीच्या हातातल्या बांगड्या मोजता मोजता रडायची, कुणी मावशी आरशात स्वतःलाच बघत राहायची. माझ्या गप्प राहण्याचा जगात कुणाला तरी उपयोग होतोय, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. हे काम गेलं तर आपल्याला दुसरं काही जमणार नाही, असंही त्याच दिवसांत वाटायला लागलं होतं.

दिवाळीनंतर, लग्नं सुरू व्हायच्या आधी, अण्णांनी बोलावलं.

"औंदा एकाच मुहूर्तावर दोन-दोन लग्नं हायत," ते म्हणाले. "मी एकीकडं, तू एकीकडं. अक्षता तुला काढाव्या लागतील."

"मी?"

"मग कोन? नुसत्या बायकांच्या खोलीसाठी मानूस ठेवायला परवडंना ग अव्वा. त्या खोलीत आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल हाय. अक्षता काढलीस तर तू ऱ्हा. न्हाई जमलं तर मी काय करू, सांग. जमंल का?"

"जमेल."

"आं?"

"जमेल."

व्हिडिओ काढणारा मुलगा बाजूला वायरी गुंडाळत बसला होता. तो हसला. "अण्णा, ही अक्का बोलली का पंखा फिरला, मला तर कळंना झालंय."

अक्षतेचा फोटो म्हणजे आमच्याकडच्या लग्नाचा फोटो. बाकी सगळा अल्बम लोक भराभर उलटतात आणि त्या पानावर थांबतात. तो काढायला अण्णा स्टेजवर नवरा-नवरीच्या पायाशी बसायचे, भटजींच्या अंगावर खेकसायचे, करवल्यांना कोपरानं मागे सारायचे. मी ते लांबून बघितलेलं होतं. मला तिथं चढायचं नव्हतं. खरं म्हणजे सगळं तिथंच ठरलं. त्यानंतर मी जी काही अक्कल वापरली, ती स्टेजवर न चढता तो फोटो कसा मिळेल यासाठी वापरली.

उत्तर सरळ होतं. लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायची आणि शेवटच्या रांगेच्या मागे उभं राहायचं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यामागे बसून लेन्सांबद्दल वाचायचे. सगळे लिहिणारे सिंहांचे, पक्ष्यांचे, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढत होते. चंद्रावरचे खड्डे दाखवणारेही पुष्कळ भेटले. पत्र्याच्या छताखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, शेणखताच्या वासाचे हात धुऊन आलेल्या पाचशे माणसांमध्ये फोटो काढणारा एकही भेटला नाही. तरी मी वाचत राहिले. माझ्या हैदराबादच्या पगारातलं जे उरलं होतं, त्यात तीन लेन्सा बसत होत्या किंवा बसता बसता राहत होत्या. एक सत्तर ते तीनशे मिलिमीटरची, स्वस्त, लांबवर पोचणारी. पण हात जरा हलला की फोटो हलणार. एक पंचावन्न ते अडीचशेची, हलकी, हाताचा कंप सांभाळून घेणारी, पण अंधारात कमी पडणारी. तिसरी सगळे लग्नवाले वापरतात ती, सत्तर ते दोनशेची, मोठ्या काचेची, कमी उजेडातही चालणारी. ती नवी घेणं शक्य नव्हतं. कलबुर्गीच्या एका दुकानात वापरलेली मिळत होती.

अप्पा दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले. दुकानदारानं मोठी लेन्स माझ्या हातात दिली. खांदा खाली गेला. मी ती उजेडासमोर धरली तर आत, काचेच्या कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली.

"इत्ते में तो इत्ताच आता अम्मा," तो म्हणाला. "क्या निकालते? पक्षी?"

"शादी," मी म्हणाले.

"शादी में इत्ती लंबी काय कू? सामने जाके निकालो ना."

मी लेन्स काउंटरवर ठेवली. अप्पांना वाटलं, आपण मदत करावी. "लांबूनच काढती ती," ते म्हणाले. "लाजती."

"शर्मानेवाले के वास्ते अलग लेन्स नै आती साब," दुकानदार म्हणाला, आणि अप्पा त्याच्याबरोबर हसले. मी पंचावन्न-अडीचशे घेतली. परतीच्या बसमध्ये अप्पांनी दोनदा विचारलं, "बरी हाय न्हवं?" मी दोनदा मान हलवली.

पहिलं लग्न ज्या कार्यालयात होतं, ते हायवेवर होतं. मुलगी आमच्या बीदर जिल्ह्यातल्या मेहकरची, मुलगा आळंदकडचा, म्हणून मधलं ठिकाण धरलेलं. मी आधीच एक दिवस जाऊन ते बघून आले. एक बाई झाडत होत्या. मी स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या, त्यांवर पाण्याचे दोन मोठे जार ठेवले, एक नवरा, एक नवरी. मग सगळ्यात मागे जाऊन उभी राहिले.

"कशाचा फोटो काढायलीस ग बाई?" झाडणाऱ्या बाईंनी विचारलं.

"जारांचा."

"बरं हाय. त्येंचं तोंड तरी वाकडं व्हत न्हाई."

फोटो चांगले आले. जारावरची अर्धी फाटलेली चिठ्ठी वाचता येत होती. लग्नाच्या दिवशी स्टेजवर मोठे दिवे असणार, म्हणजे उजेडाचा प्रश्नही सुटला. कुठल्या खांबाजवळ उभं राहायचं, कुठला पंखा मध्ये येतो, सगळं मी बघून ठेवलं. त्या संध्याकाळी मी आईला आपण होऊन सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीच्या खोलीतलं काम नेहमीसारखं झालं. नवरी माझ्याच वयाची होती. "अक्का, अक्षतेचा एक मोठा करून द्या," ती म्हणाली. "आमच्या घरात भिंतीवर लावायचाय." मी हो म्हणाले. मग लहान लेन्स काढून बॅगेत टाकली, बॅग त्याच खोलीत कपाटाखाली सारली आणि नवी लेन्स लावून मागे खांबाजवळ गेले.

स्टेजवरून व्हिडिओवाल्या मुलानं हात केला. "अक्का, वर ये की! तिथं काय करायलीस?"

मी लेन्स दाखवली. इथून जमतंय, असं खुणेनंच सांगितलं. जमतही होतं. अंतरपाटाच्या अलीकडे नवरीच्या कपाळावरचा घाम दिसत होता, नवरदेवाच्या बाशिंगातला निसटलेला दोरा दिसत होता. मी श्वास सावकाश करून उभी राहिले. बायका ताटांमधून अक्षता वाटत फिरत होत्या. एकीनं माझ्याही मुठीत हळद लावलेले दाणे कोंबले. ते मी जीन्सच्या खिशात टाकले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि सगळं कार्यालय उभं राहिलं.

हे लिहिताना मला अजूनही समजत नाही की हे माझ्या लक्षात कसं आलं नाही. लहानपणापासून किती लग्नांत मी स्वतः उभी राहिले आहे. आईच्या हाताला धरून पुढे घुसले आहे, माणसांच्या पाठींवर दाणे फेकले आहेत. आमच्याकडे अक्षतेला कुणी बसून राहत नाही. म्हातारेसुद्धा काठी टेकत उठतात. प्रत्येक जण दोन पावलं पुढे सरकतो, हात वर करतो आणि आता दुसऱ्या हातात मोबाईल असतो. मला हे सगळं माहीत होतं. मी रिकाम्या कार्यालयात दोन जारांचा फोटो काढून घरी आले होते.

माझ्यासमोर पाठी होत्या. पाठी, फेटे, गजरे, वर केलेले हात, मोबाईलचे उजळलेले चौकोन. मी एका खुर्चीवर चढले.

"उतर ग पोरी खाली! आमाला काय दिसंना!" माझ्याही मागे येऊन उभ्या राहिलेल्या एक आजी ओरडल्या.

"फोटोवाली हाय ती."

"फोटोवाली असंल तर पुढं जा म्हनावं. हितं काय भिंतीचा फोटो काढायलीय?"

मी उतरले. "जरा सरका," म्हणाले. माझ्यापुढचा माणूस वळलासुद्धा नाही. मी पुन्हा म्हणाले. मंगलाष्टकांत ते मलाही ऐकू आलं नाही. बाजूच्या भिंतीला लागून पुढे सरकत राहिले, पण जितकं पुढे जावं तितकी गर्दी दाट. हात वर करून, न बघताच बटण दाबत राहिले. वाजंत्री वाजली, लोकांनी शेवटचे दाणे फेकले आणि सगळे जेवायच्या पंगतीकडे पळाले. मी स्टेजजवळ पोचले तेव्हा अंतरपाटाची घडी झालेली होती.

ते फोटो मी घरी आल्यावर बघितले. पुष्कळांत नुसती डोकी होती. एका फोटोत दोन हातांच्या मधून नवरा-नवरी सापडली होती. पण कॅमेऱ्यानं फोकस हवेतून पडणाऱ्या दाण्यांवर धरला होता. हळदीचा एकेक दाणा वेगळा, त्याची कड, त्याची सावली, सगळं स्वच्छ. मागे दोन माणसांचे धूसर ठिपके, एक पांढरा, एक हिरवा.

अण्णांनी ते सगळे बघितले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी व्हिडिओतून एक चित्र काढून अल्बमात लावायला सांगितलं आणि मग चहा मागवला.

"तुजं काम वाईट न्हाई," ते म्हणाले. "खोलीतले फोटो बग की, मला जमायचे न्हाईत. पन मानसात घुसायला पायजे ग अव्वा. बगू, पुढं काय असंल तर सांगतो."

पुढं त्यांनी काही सांगितलं नाही. मुहूर्त येत होते आणि जात होते. हायवेवरून वरातीच्या गाड्या जाताना आमच्या दुकानासमोर वेग कमी करायच्या, तिथं गतिरोधक आहे. मी गल्ल्यामागे बसून युरियाच्या पावत्या फाडायचे. नवरीचा मेसेज आला, अक्का, अक्षतेचा मोठा फोटो कधी देताय? मी त्याला उत्तर दिलं नाही. आईनं एकदा म्हटलं, "शिकलेली हायस, घरात बसूनबी काम मिळतंय म्हनत्यात." ती चांगल्या मनानं म्हणाली. बोलावं लागणार नाही असं काम मी शोधत होते आणि तसं काम संपलेलं होतं.

मग एक दिवस अण्णांचा फोन आला. हातातली पावती अर्धी फाडलेली ठेवून मी तो घेतला.

"ती लेन्स देतीस का दोन दिवस? किल्ल्यावर जोडप्याचं शूटिंग हाय."

व्हिडिओवाला मुलगा येऊन लेन्स घेऊन गेला. दोन दिवसांनी मी स्टुडिओच्या स्टेटसवर ते फोटो बघितले. बीदरच्या किल्ल्यातली ऊन पडलेली पायवाट, मागे विरघळलेली तटबंदी, पुढे दोघं. मुलीच्या पापण्या मोजता येत होत्या. मी ते फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले. एखादी खोट सापडावी असं मला वाटत होतं. सापडली नाही. लेन्स उत्तम होती.

ती परत करायला अण्णा स्वतः आले. दुकानात अप्पांसमोर स्टुलावर बसले.

"कामून अशी घरात ठेवून दिलीस ग हिला?" ते लेन्स गल्ल्यावर ठेवत मला म्हणाले. "मला देतीस का? घेतलीस त्येवढ्याच पैशाला घेतो."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते माझ्याऐवजी बोलतात. या वेळी बोलले नाहीत.

"व्हय," मी म्हणाले.

लेन्सचा खोका आणि मागचं झाकण आणायला मी आत गेले. खोका लगेच मिळाला. झाकण कपाटात नव्हतं, बॅगेत नव्हतं. बाहेर अण्णा आणि अप्पा तुरीच्या भावाबद्दल बोलायला लागले होते. मग झाकण सापडलं, पलंगाखाली, उशीच्या अभ्र्याजवळ. ते हातात धरून मी पलंगावर बसून राहिले.

"अग, अण्णा थांबल्यात," आईनं स्वयंपाकघरातून हाक दिली.

मी "आले" म्हणाले. तिला ऐकू गेलं नसावं. तिनं पुन्हा हाक दिली.