आईकडून आलेलं बळ

आमच्या घरातले पुरुष फौजेत जातात. आजोबा गेले, वडील सुभेदार होऊन परत आले, थोरला भाऊ सध्या सीमेवर आहे. मी मात्र भरतीच्या मैदानात दुसऱ्याच फेरीला कोसळलो. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. पुढच्या भरतीतही तेच झालं. त्यानंतर आमच्या कोरेगावात मला कुणीही आळशी म्हणावं. पहिल्यांदा तो शब्द आबांनी, म्हणजे वडिलांनीच वापरला होता. मी सराव कधीच चुकवला नव्हता. पण सांगून कोण ऐकणार?

पुढं पुढं घराचा जिनाही चढवेना, तेव्हा आई मला सांगलीला घेऊन गेली. विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी आबाही सोबत होते. बाईंनी कागदावर एक पेशी काढली. भोवती पातळ आवरण, आत काय घ्यायचं नि काय नाही ते ठरवणारं. आत केंद्रक, सगळ्या कामाच्या सूचना सांभाळणारं. त्या सूचनांनुसार प्रथिनं घडवणारे रायबोसोमचे ठिपके. मग शेंगदाण्याच्या आकाराच्या तंतुकणिका. खाल्लेल्या अन्नातून ताकद काढून देणं हे त्यांचं काम. माझ्या तंतुकणिकांतच बिघाड होता. त्या आईकडूनच येतात, पण बिघाड सगळ्या लेकरांत सारखा उतरत नाही, असंही बाईंनी सांगितलं.

आबा लगेच म्हणाले, "म्हंजे दोष हिच्याकडनं आला."

आईनं मान खाली घातली. काम करता करता मध्येच बांधावर टेकते म्हणून तिनं लग्नापासून टोमणे खाल्ले होते. स्वतःला आळशी म्हणवून घेणं मी सोसलं होतं. हे सोसवेना.

"आवं आबा, बाई काय म्हणाल्या ते नीट ऐका," मी म्हणालो. "तुमच्यातबी तंतुकणिका हायत, अन त्या आजीकडनं आल्यात. तुमी फौजेत पळला ते आजीच्या जोरावर. मी आजवर जेवढं चाललो ते आईच्या जोरावर. तिच्याजवळ हुतं ते तिनं मला दिलं. तिला दोष लावायचा न्हाई."

बाई म्हणाल्या, आईंचीही तपासणी करायला हवी. तेव्हा आईनं पदर सारून हात पुढं केला.

"घ्या रक्त," ती म्हणाली. "मी आळशी न्हवते, ते कागदावर येऊ दे."

ते कागदावर आलं. तिच्यातही तोच बिघाड निघाला, माझ्यापेक्षा सौम्य. यावर पुरता इलाज नाही. गोळ्या आहेत, बेतानं काम करणं आहे. माफी कुणी मागितली नाही, पण घरातले टोमणे त्या दिवसापासून बंद झाले.

आता बाजाराला जाताना मी वाटेत तीनदा थांबतो, कुणाच्याही दुकानाच्या पायरीवर. लोक विचारतात, "दमलास व्हय रं?" मी "व्हय" म्हणतो, आणि ताकद येईपर्यंत बसून राहतो.