अक्काताईंच्या मागच्या दोन खोल्या

धाकटे भाऊ तात्यासो यांचा कागलहून सकाळपासून हा तिसरा फोन. बरी आहेस का, एवढंही विचारलं नाही.

"अक्का, पतसंस्थेचा माणूस दारात येऊन गेला. तीस तारखेपर्यंत तीन हप्ते भरले न्हाईत तर जामीनदाराला नोटीस. जामीनदार मी हाय. गावात तोंड कसं दाखवू?"

"भाडं आलं की भरते."

"कधी येणार? सामान बाहेर काढ आन कुलूप लाव."

"भाडं थकलं म्हणून कुणाला काढायचं न्हाई, असं सरकारचं पत्रक हाय, तात्या."

"मग हप्ता पत्रक भरणार काय?"

पती गेल्यावर अक्काताईंनी कर्ज काढून घरामागे दोन खोल्या बांधल्या होत्या. भाडं साडेचार हजार, हप्ता चार हजार. पाच वर्षांत हप्ता कधी चुकला नव्हता. मग टाळेबंदी आली आणि एप्रिल, मे, जून कोरडे गेले. भाडेकरू प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. फौंड्री पुन्हा सुरू झाली, पण निम्म्याच माणसांवर, आणि त्याला बोलावणं नव्हतं.

अक्काताईंनी तोंडाला पदर बांधला आणि मागच्या दाराने गेल्या. प्रसेनजीतची बायको सोनम धुणं पिळत होती.

"प्रसेनजीत हाय का घरात?"

"हाय की. जाणार कुठं?"

तो बाहेर आला. अक्काताईंनी वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "तीन महिने झाले. मी तरी किती दिवस गप बसू? मला बी हप्ते हाईत."

"आमी बी तेच बोलत हुतो," प्रसेनजीत म्हणाला. "एक तारखेला खोली सोडतो. वडगावला आईकडं जातो. डिपॉझिटमधनं साडेतेरा हजार कापा, उरलेलं साडेसहा हजार द्या."

डिपॉझिटचे वीस हजार मोरीच्या फरशीत आणि टाकीत कधीच गेले होते. गल्लीत सगळ्या घरमालकांची रीत तीच: नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं परत करायचं. पण साथीमुळे गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू बांधलेले असताना नवा भाडेकरू येणार कुठून?

"घाई कशाला करता? ऱ्हावा की."

"आत्ताच म्हणत हुता, किती दिवस गप बसू," सोनम म्हणाली.

अक्काताई पायरीवर टेकल्या. "पैसं न्हाईत माझ्याकडं. तुमचं डिपॉझिट खर्च झालं."

सोनमने हातातलं लुगडं बादलीत टाकलं. "आमी समजत हुतो, कपाटात हाय. आन वर दारात येऊन तुमीच आमाला भाडं मागत हुता."

मग प्रसेनजीत म्हणाला, "जूनपर्यंतचं भाडं डिपॉझिटमधनं फिटलं, असं लिहून द्या. मग ऱ्हातो. पुढचं भाडं काम लागल्यावर."

म्हणजे त्या तीन महिन्यांचा रुपया आता हातात येणार नव्हता. अक्काताईंनी कागद आणला, लिहिलं, सही केली. मग घरात येऊन त्यांनी स्वतःच कागलला फोन लावला.

"तात्या, नोटीस येणार. तू घे."

"गेलं न्हाईत व्हय ते?"

"जात हुते. मीच ठेवून घेतलं. त्यांचं पैसं मी आधीच खर्चले हुते."

फोन बंद झाला. तात्यासोंनी फोन ठेवला की तो तुटला, हे अक्काताईंना कळलं नाही.